पुराचं पाणी गल्लीत यायच्या आधी, असताना आणि ओसरल्यावर: नदीकाठच्या घरांसाठी सविस्तर

कोल्हापुरात जुलै लागला की माणूस भेटल्यावर तब्येत नंतर विचारतात, आधी "किती फूट झालंय?" कुठलं ते सांगायला लागत नाही, राजाराम बंधारा, पंचगंगेची पातळी तिथंच मोजतात. ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण तुमच्या घरात पाणी नेमकं कितीला येतंय म्हटलं की निम्मे लोक "गेल्या वेळी गुडघाभर आलेलं" यापुढे जात नाहीत. आणि सगळी गडबड तिथंच होते. ३९ आणि ४३ हे सगळ्या शहराचे आकडे झाले, तुमच्या घराचा आकडा वेगळा आहे, तो आत्ता कोरड्यात काढून ठेवा आणि पूर आल्यावर डोळ्याला काय दिसतंय ते सोडून त्या आकड्यावर हला. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

हे पंचगंगा-कृष्णा काठासाठी लिहिलंय. सांगलीकरांनी राजारामच्या जागी कृष्णेवरचा आयर्विन पूल वाचायचं, तिथे ४० इशारा आणि ४५ धोका. इकडचा पूर हळू चढतोय, दिवस-दिवस घेतोय, म्हणून आकडा बघून काम करता येतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी ज्या वेगाने बाजारपेठेत शिरली तिथे कसली टेप आणि कसला हिशोब, डोंगराच्या पायथ्याच्या किंवा खाडीकडच्या गावांनी सामानाचं सगळं सोडून द्यायचं आणि माणसं उंचावर न्यायची.

घराचा आकडा कसा काढायचा

२०१९ ला राजारामला ५५ फूट ७ इंचापर्यंत पाणी गेलेलं, २०२१ ला ५६ च्या पण वर. या दोन पुरांची रेघ बऱ्याच घरांत अजून भिंतीवर आहे, वरून रंग दिला तरी पोपडे बरोबर त्याच उंचीला सुटतात. टेप घ्या आणि फरशीपासून रेघेपर्यंत मोजा. समजा २०१९ ची रेघ फरशीपासून साडेतीन फुटावर आहे, तर ५५ फूट ७ इंचातून साडेतीन वजा करा, ५२ फूट १ इंच येतं, म्हणजे बंधाऱ्यावर ५२ झालं की पाणी तुमच्या उंबऱ्याला. इंच न् इंच बरोबर येणार नाही, कारण बंधारा नदीच्या खालच्या अंगाला कसबा बावड्याकडे, आणि वाहतं पाणी काही टाकीतल्यासारखं सपाट नसतंय, वरच्या अंगाला थोडं उंच असतंय. म्हणून एक फूट खाली धरायचं. ५२ आलं तर वहीत ५१ लिहायचं.

भाड्याने नवीन राहायला आला असाल तर घरमालकाला विचारू नका, तो "छे छे, आपल्याकडे कधीच नाही" म्हणणार. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते हाताने दाखवतात इथपर्यंत होतं म्हणून.

आता दुसरा आकडा, जो कुणीच काढत नाही आणि खरा कामाचा तोच आहे. रस्त्याचा. घर उंच जोत्यावर असेल पण गल्लीच्या तोंडाशी खोलगट भाग असेल तर घर कोरडं असतानाच तुम्ही बेटावर अडकता. बऱ्याच घरांना उंबऱ्याच्या आधी दोन-तीन फुटांवरच रस्ता बंद होतो. तर निघायचा आकडा हा रस्त्याच्या आकड्याच्या एक फूट आधीचा. घराचा आकडा सामानासाठी, रस्त्याचा माणसांसाठी, दोन्ही दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.

आणि पाणी समोरून नदीकडूनच येईल असं धरू नका. नदी फुगली की शहरातून येणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत जाईना होतं आणि उलटं मागे सरकतं, म्हणून नदीपासून लांब वाटणाऱ्या व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी भरतं. गल्लीत कुंभारांनी गणपतीच्या मूर्ती हलवायला सुरुवात केली की समजायचं, त्यांच्याइतका पाण्याचा अंदाज कुणाला नाही कारण सगळ्या वर्षाची कमाई जमिनीवर मांडून ठेवलेली असते. घरातसुद्धा पहिलं पाणी दारातून येत नाही, मोरीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून बुडबुडे काढत वर येतं.

कशावर लक्ष ठेवायचं

शहरात ऊन पडलंय म्हणून पूर ओसरणार असं काही नाही. शहरातल्या पावसाचा आणि पंचगंगेच्या पातळीचा संबंध कमीच, बघायचं ते गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याकडे किती कोसळतोय ते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती हे सगळं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र होऊन इकडे येतं.

मग राधानगरी धरण. तिथे ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सुटतं, शिवाय पॉवर हाऊसचं वेगळं. ते भोगावतीतून शहरापर्यंत यायला बरेच तास जातात, म्हणजे दरवाजा उघडल्याची बातमी आली आणि लगेच खिडकीतून बघून "काही वाढलं नाही" म्हणण्यात अर्थ नाही, उद्याचं बोला.

तिसरं म्हणजे खालची बाजू. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णाच भरलेली असेल तर आपल्या नदीला पुढे वाटच मिळत नाही आणि फुग मागे येतो. कोयनेतून किती सोडलंय, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढे किती जातंय हे आकडे त्यासाठी. अलमट्टीमुळे पूर येतो की नाही यावर भांडण चालूच राहणार, सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही म्हटलं तरी शिरोळ तालुक्यात ते कुणी मान्य करत नाही. आपल्याला पुराच्या दिवसात त्यात पडायचं नाही, विसर्ग वाढतोय का घटतोय एवढंच बघायचं.

अजून एक, इथे लई लोक फसतात. ४३ पर्यंत पाणी भराभर चढतं, मग शेतात पसरायला लागतं आणि तासाला इंच, अर्धा इंच असं येतं. लोकांना वाटतं थांबलं. थांबलेलं नसतंय. सलग काही तास आकडा खाली येत नाही तोपर्यंत "उतारा पडला" म्हणायचं नाही.

व्हॉट्सऍपवर धरण फुटल्याचे जुने व्हिडिओ दरवर्षी फिरतात. आकडा जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती कक्षाकडून घ्या, फोन १०७७. मदत लागली तर ११२.

३९ झालं की

अजून घाबरायचं काही नाही, पण बाहेरची कामं आजच उरका. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेवर पाणी आलं आणि शहराला येणारं सगळंच अडकलं, पेट्रोलला रांगा, दूध नाही, भाजी नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिण्याचं पाणी नव्हतं, कारण उपसा केंद्रंच बुडाली, चारी बाजूला पाणी आणि नळ कोरडा. तर गाडीत पेट्रोल, घरात रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, थोडी रोख रक्कम (एटीएमचा काय भरवसा नसतोय) आणि पिण्याच्या पाण्याचे झाकणाचे कॅन भरून वरच्या मजल्यावर.

कागदं: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, घरफाळ्याची पावती, लाईट बिल, घराची कागदपत्रं, पोरांचे दाखले, विम्याची पॉलिसी, आजारी माणसाची फाईल. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून नात्यातल्या बाहेरगावच्या एका माणसाला पाठवून ठेवा, आणि खरी कागदं जाड प्लॅस्टिक पिशवीत. याच वेळी सगळ्या घराचा एक व्हिडिओ काढा, फ्रीज, टीव्ही, कपाट, दुकान असेल तर माल, सगळं चालू स्थितीतलं. नुकसान दाखवताना आधी काय होतं ते दाखवायला हाच उपयोगी पडतो.

घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई, डायलिसिसवाला पेशंट किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना इथंच, ३९-४० लाच हलवा. "अजून रस्ता चालू आहे" म्हणून थांबायचं नाही. इकडे एकदा रेडेडोह फुटला, म्हणजे तिथून नदीचं पाणी बाहेर पडून रस्त्यावर आलं, की रत्नागिरीकडचा रस्ता गेला, मग गगनबावड्याचा जातो, करत करत शहर बंद होतं. म्हातारी माणसं ऐकत नाहीत हे खरं आहे, "एवढे पूर बघितलेत मी" हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. वाद घालू नका. "आत्याकडे चार दिवस जाऊन या, तिला बरं वाटेल" म्हणा, पुराचं नावच काढू नका.

आवराआवर

घराच्या आकड्याला तीन फूट उरले की सामान उचलायला लागा, निघायचा आकडा त्याच्या आधी येत असेल तर त्याच्याही आधी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक टीव्ही आधी उचलतात, तो तर भिंतीवर आधीच चार फुटांवर असतो.

पहिलं धान्य. वर्षाचे तांदूळ-गहू कणगीत नाहीतर खालच्या खोलीत पोत्यात असतात, आणि भिजलेलं पोतं दोन माणसांना हलत नाही. मग गाद्या, मग लाकडी कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करायचे. हे विसरू नका, लाकूड आणि प्लाय भिजून फुगतात आणि ड्रॉवर असे आवळून बसतात की आतलं काढायला कपाट फोडायलाच लागतं. लोखंडी तिजोरी उभीच ठेवा, पण आतला खालचा कप्पा रिकामा करा.

वॉशिंग मशीन, फ्रीज, मिक्सर या मोटरवाल्या वस्तू. वरचा मजला असेल तर प्रश्न नाही, नसेल तर फ्रीज रिकामा करून टेबलावर, आणि दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. न बांधलेला फ्रीज पाण्यावर तरंगतो आणि आडवा होऊन दारच अडवतो, मग बाहेरून दार ढकललं तरी उघडत नाही. गॅस सिलिंडर पण तरंगतो. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर उंचावर ठेवून बांधा.

लाईट. मेन स्विच बंद करायचा तो पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी, पायाखाली कोरडं असताना. एकदा फरशीवर पाणी आलं की बोर्डाला हात लावायचा नाही, मीटर खाली असेल तर अजिबात नाही, महावितरणला १९१२ वर फोन करून लाईन बंद करायला सांगायचं. इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात. मेन बंद केला तरी तो घरात करंट देतोच. बॅटरीच्या वायरी सोडवून बॅटरी वर न्या.

संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर वाळूची छोटी पिशवी दाबून बसवा, वरून वजन. पाणी त्याने थांबत नाही पण मैला जरा कमी येतो. जमिनीखालची पाण्याची टाकी पूर्ण भरून ठेवा, कारण रिकामी प्लॅस्टिकची टाकी वर उचलली जाते, आणि झाकण घट्ट लावा. पूर आल्यावर ते पाणी पिण्याचं राहत नाही, धुण्याला होतं.

गाडी उंच भागातल्या पाहुण्यांकडे लावा, आणि लवकर, कारण सगळे जण एकाच रात्री गाड्या घेऊन निघतात आणि मग कुठल्याच उंच रस्त्यावर जागा नसते.

जनावरं असतील तर वरच्या सगळ्याच्या आधी ती. चिखली, आंबेवाडीला विचारा, घर सोडायला लोक तयार असतात पण म्हशी कुठं न्यायच्या म्हणून थांबतात आणि मग होडीची वेळ येते. चाऱ्याची सोय असलेली जागा ३९ च्या आधी ठरवून ठेवा. अगदीच नेता आलं नाही तर दावं कापा. बांधलेलं जनावर गोठ्यातच जातं, सुटं असलं तर पोहून कुठंतरी लागतं.

निघताना आणि अडकलात तर

पाहुण्यांकडे जायचं का निवारा केंद्रात, हा मानपानाचा प्रश्न करू नका. शाळेतल्या केंद्रात गैरसोय होते, पण तिथे डॉक्टर येतो, जेवण येतं आणि तुमचं नाव यादीत लागतं. पाहुण्यांकडे गेलात तरी तलाठ्याला किंवा नगरसेवकाच्या माणसाला सांगून जा की आम्ही इथून हललोय.

पाण्यातून चालायची वेळ आलीच तर घोट्याच्या वर वाहतं पाणी असेल तर पाय टाकू नका. उभं पाणी असलं तरी हातात काठी, पुढे टोचत टोचत. चेंबरची झाकणं पाण्याच्या दाबाने निघालेली असतात आणि वरून काही दिसत नाही. विजेच्या खांबापासून, डीपीपासून लांब. गाडी पाण्यात घालू नका, फूटभर पाण्याचा ओढ छोट्या कारला पुरतो.

वरच्या मजल्यावर अडकलात तर मोबाईल एकाच वेळी एकाचाच चालू ठेवा. होडी आली की घाई होते आणि तिथेच घात होतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून बरेच जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलं होती. होडीत लाईफ जॅकेट नसतील, किंवा तुमच्याआधीच ती भरलेली असेल, तर पुढच्या फेरीला थांबा, नावाडी कितीही "बसा बसा" म्हणाला तरी. वरचा मजला पक्का असेल तर तुम्ही तिथे सुरक्षित आहात.

आणि ज्यांचं घर बुडत नाही त्यांच्यासाठी एकच: पंचगंगा घाटावर, शिवाजी पुलावर पाणी बघायला गर्दी करू नका राव. त्या गर्दीत रेस्क्यूची गाडी अडकते.

पाणी उतरायला लागलं की

खरं काम इथून पुढे, आणि याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

चिखल वाळायच्या आत काढायला लागतो. पाणी घोट्याइतकं उरलं असेल तेव्हाच झाडू, पाट्या, जे असेल ते घेऊन चिखल ढवळत ढवळत उतरत्या पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. एक दिवस उशीर केला की तोच गाळ फरशीला सिमेंटसारखा धरतो आणि मग टँकरशिवाय निघत नाही, आणि त्या दिवसांत टँकर मिळणं म्हणजे वशिल्याचं काम. गमबूट नसतील तर आत जाऊ नका, फुटकी काच आणि खिळे गाळात दिसत नाहीत.

पण त्याच्या आधी दोन मिनिटं थांबून फोटो. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्या शेजारी उभा माणूस, प्रत्येक खोली, प्रत्येक वस्तू. साफसफाई झाल्यावर पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, "कुठं काय झालंय?"

कपाटामागे, माळ्यावर, गुंडाळलेल्या चटईत साप असतो असं धरूनच चाला. आधी काठीने वाजवा. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करायचं नाही, हातपाय न हलवता सरळ सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात, विषावरचं इंजेक्शन तिथेच असतं.

लाईट लगेच चालू करू नका. वायरमनने बोर्ड उघडून, वाळवून, तपासून मग. मोटरवाल्या वस्तू बुडाल्या असतील तर प्लग लावून "चालू होतंय का बघू" हा प्रयोग करायचा नाही, मेकॅनिककडून उघडून वाळवून घेतल्या तर बऱ्याचदा वाचतात. गाडीचंही तेच, स्टार्टर मारू नका, इंजिनमध्ये पाणी असताना मारला की इंजिन जातं आणि विमा कंपनी बोट तुमच्याकडे करते. टो करून न्या.

धुताना आधी साध्या पाण्याने गाळ, मग ब्लिचिंग पावडरचं पाणी. ब्लिचिंगमध्ये ऍसिड किंवा संडास धुवायचं लिक्विड मिसळू नका, त्याचा विषारी वायू होतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. भिजलेलं धान्य वाळवून खाण्याचा मोह होतो, वर्षाचं धान्य टाकवत नाही हे मान्य, पण त्या पाण्यात गटार होतं, मेलेली जनावरं होती. टाकून द्या. स्टीलची भांडी उकळत्या पाण्यातून काढली तर चालतात, लाकडी पोळपाट-लाटणं गेलंच समजा. पिण्याचं पाणी उकळून, नाहीतर मेडिक्लोरचे (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या औषधाचे) थेंब बाटलीवर लिहिलंय तेवढे टाकून अर्धा तास थांबून.

पंचनामा आणि पैसे

तलाठी किंवा महापालिकेचा माणूस गल्लीत येतो तेव्हा घरी कुणीतरी पाहिजे, नसलात तर "कुलूपबंद" लिहून पुढे जातो. आधार, रेशन कार्ड, पासबुकच्या झेरॉक्स हातात तयार ठेवा, पंचनाम्याच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढा, त्यावर काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा. भाडेकरू असाल तर सामानाचं नुकसान तुमचं आहे, घरमालकाचं नाही, तुमच्या नावाने नोंद करायला लावा. मदतीची रक्कम आणि अटी दर पुराला नव्या जीआरने (शासन निर्णयाने) ठरतात, गेल्या वेळचं धरून बसू नका. २०१९ ला मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असण्याची अट घातलेली, त्यावर केवढा गदारोळ झालेला. म्हणून पाणी कधी शिरलं आणि कधी निघालं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. दुकानाचा किंवा गाडीचा विमा असेल तर कंपनीला लगेच मेल करा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत बुडालेला माल फेकू नका. वास येईल, शेजारी ओरडतील, तरी बाहेर ताडपत्रीखाली ठेवा.

पुढचे पंधरा-वीस दिवस

तापाकडे लक्ष ठेवा. गाळात काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर क्रोसिन खाऊन झोपू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) असू शकतो, डॉक्टरला आधी हेच सांगा की मी पुराच्या पाण्यात होतो. आरोग्य खात्याची माणसं त्यासाठी डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या देत फिरतात, पण गरोदर बायका आणि लहान पोरांना त्या चालत नाहीत, तेव्हा विचारून घ्या. पायाला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. डास नंतर वाढतात, अंगणात अडकलेल्या पाण्यात, टायरमध्ये, फुटक्या कुंड्यांत.

भिंतींना रंग द्यायची घाई करू नका. गणपतीच्या आधी घर चकाचक पाहिजे म्हणून लोक ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारतात आणि दिवाळीपर्यंत तो पापडासारखा निघून येतो. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, फर्निचर भिंतीपासून हातभर लांब ठेवा, खालचं प्लास्टर ठोकून पोकळ वाजतंय तेवढं काढून टाका आणि भिंत हाताला कोरडी लागेपर्यंत तसंच राहा. पाहुणे काय म्हणतील याची चिंता करू नका, त्यांच्या घरात पण तीच रेघ असते.